अहोंचे कागद

९ जानेवारी

वहिनी,

नमस्कार वगैरे. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि मग एकदम गप्प होतो, म्हणून हे पत्र. पत्रात तू मला मध्येच तोडू शकत नाहीस, हाही फायदा.

दादाचं दुकान विकलंस ते बरं केलंस. मोटरी वाइंडिंग करणारा माणूसच राहिला नाही, तर तांब्याच्या तारेच्या रिळांना राखण बसून काय करायचं? पण दुकानामागची राहती खोलीही त्यातच गेली, हे तू मला फोन ठेवता ठेवता सांगितलंस, जसं काही घरातलं दूध संपलंय. मग राहणार कुठे? तुझ्या वतीने मी उत्तर शोधून ठेवलंय. माझ्याकडे. चष्म्याच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत. मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. लेक नोकरीसाठी बाहेर गेल्यापासून तिथे जुन्या फ्रेमांची खोकी तेवढी झोपतात, ती मी हलवते. नातेवाईक म्हणून तुझ्या या देशात राहायच्या परवान्याचा अर्ज मला इथून करता येतो, चौकशी झाली आहे.

गेल्या वर्षी दादा गेला तेव्हा तिकडे यायचा माझा परवाना सगळं आटोपल्यावर आला. बॅग भरून दाराशी बसून होते मी. तेव्हा मला येता आलं नाही, आता तू ये.

एकच गोष्ट. तो कुत्रा. त्याला घेऊन सीमा ओलांडायची तर माणसापेक्षा जास्त कागद लागतात म्हणे. शिवाय माझी जागा लहान. दादाचा त्याच्यावर जीव होता, मला ठाऊक आहे, पण कोणी चांगलं माणूस बघ आणि सोपव. म्हातारा झालाय, कुठेही पडून राहील.

उत्तर लवकर दे. विचार करण्यात वर्ष घालवू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तुझी,
नणंद

&nbsp;

२८ जानेवारी

वन्सं,

शिरसाष्टांग नमस्कार. आपण दोघी एका वयाच्या, पण नणंद ती नणंद. सासूबाईंनी लावलेलं वळण आता या वयात कुठे मोडू?

तुमचं पत्र वाचून चष्मा दोनदा पुसावा लागला. दुकान विकल्यापासून लोक येऊन विचारतात, आता तुमचं कसं होणार? तुम्ही एकट्याच निघालात ज्यांनी विचारलं नाही, सरळ खोकी हलवायला घेतलीत. हे उपकार मी विसरायची नाही.

पण वन्सं, अहोंना सोडून मी कशी येऊ? तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. बोलले काही नाहीत, मोठा सुस्कारा टाकला आणि माझ्याकडे पाठ करून झोपले. जेवायला हाका मारून मारून उठवलं. थंडीने हल्ली त्यांचे सांधे धरतात, तेल चोळून दिलं की बरं वाटतं त्यांना. पण दुकान बंद करायची वेळ झाली की कितीही दुखो, शटरपाशी जाऊन बसतात. दुकान घेतलेला गादीवाला पहिल्या दिवशी आला तेव्हा त्याच्यावर चांगलेच गुरकावले होते. आता दोघांची गट्टी आहे.

या वयात त्यांना जागा बदलायला लावायची म्हणजे जिवावर येतं. आणि टाकून यायचं तर त्याहून. तुम्ही शेवटी जे लिहिलंत त्याबद्दल मी काही लिहीत नाही. राग आला नाही असं नाही. आला होता, उतरला.

तुमची,
वहिनी

&nbsp;

१४ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र कसं लिहावं ते समजत नाही. तुझं पत्र परत परत वाचलं. हस्ताक्षर तुझंच आहे, कानेमात्रे सगळे जागच्या जागी आहेत, म्हणून तर जास्त काळजी वाटते.

वहिनी, दादा गेला. तूच मला फोनवर सांगितलंस. माझ्या बोलण्याने तुला दुखवायचं नाही, पण तू त्याला जेवायला उठवतेस, तेल चोळतेस, माझं पत्र वाचून दाखवतेस. माझ्या दुकानात डोळ्यांचे डॉक्टर बसतात, त्यांना एका ओळखीच्या बाईंची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, दुःखात होतं असं, त्यांच्याशी वाद घालू नका, फक्त एकटं ठेवू नका. मग मी फोन उचलला. पण तू जर म्हणालीस, "थांबा, अहोंना देते," तर मी काय करायचं? या भीतीने परत ठेवून दिला.

तू वेळेवर जेवतेस ना? झोप लागते ना? शेजारपाजारचं कोणी येऊन बसतं का? परवान्याचा अर्ज मी करून टाकला आहे. तू फक्त हो म्हण, सीमेच्या नाक्यापर्यंत मी स्वतः घ्यायला येते.

तुझी,
नणंद

&nbsp;

३ मार्च

वन्सं,

हसावं की रडावं? मी आधी हसले. इतकी हसले की पुढच्या बाजूने गादीवाला धावत आला, काय झालं म्हणून. मग तुम्ही फोन उचलून ठेवलात ते वाचलं आणि मात्र रडू आलं. माझं डोकं ठिकाणावर आहे, वन्सं. निदान तुमच्याइतकं तरी आहे.

अहो म्हणजे कुत्रा.

तुमच्या दादांनी त्याचं नाव ठेवलं होतं फ्यूज. पिल्लू असताना तो धावता धावता मध्येच झोपायचा, फ्यूज उडाल्यासारखा. नाव ठेवलं खरं, पण त्या नावाने हाक मारायला सवड कोणाला? तुमचे दादा दिवसभर मोटरीत डोकं घालून. घरात हाका मारणारी मी एकटी, आणि माझी हाक एकच. अहो, चहा झाला. अहो, जेवायला चला. दुकानातून आवाज यायचा, "आलो." आणि यायचे नाहीत. त्या "आलो"वर माझा किती भात गार झाला असेल ते माझं मला माहीत. यायचा तो हा. शेपूट हलवत चौकटीत हजर. त्याला वाटलं, हेच आपलं नाव. तुमचे दादा म्हणायचे, "चला, घरातला एक अहो तरी तुझं ऐकतो."

ते गेल्यावर मी कोणालाच हाक मारली नाही. मारणार कोणाला? एका संध्याकाळी चहा गाळला, दोन कप भरले आणि हात पुसत दारातून हाक मारून बसले, "अहो, चहा झाला." शब्द तोंडातून गेला आणि मी तिथेच उंबऱ्यावर बसले. "आलो" काही ऐकू आलं नाही. पण हे आले. मोटरीच्या व्हार्निशचा वास लागलेलं ते थोबाड माझ्या मांडीवर ठेवून बशीकडे बघत राहिले. त्या दिवसापासून मला "तो" म्हणवत नाही, "ते" म्हणते. वेड म्हणा हवं तर. जन्मभर एक शब्द तोंडात घोळवला, वन्सं, तो घेऊन मी कुठे जायचं होतं? कुत्र्याने तो सांभाळला.

तेव्हा तुमचे उपकार डोक्यावर, पण त्यांच्याशिवाय मी यायची नाही. इथेच कुठेतरी खोली बघेन. कुत्रा म्हटलं की लोक दार लावून घेतात, पण बघेन.

तुमची (शहाणी),
वहिनी

&nbsp;

१९ मार्च

वहिनी,

गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तुझं पत्र उघडलं ही माझी चूक. मला डोळे पुसताना बघून त्या बाईंना वाटलं, आपला नंबर फारच वाढलाय.

ठीक आहे. अहोंना घेऊन ये. मी हरले.

प्राण्यांच्या खात्याच्या कार्यालयात जाऊन आले. खिडकीमागे एक शांत बाई होत्या. त्यांनी विचारलं, "प्राण्याचं नाव?" मी पहिल्या फटक्यात अहो म्हणणार होते, जीभ चावली. म्हटलं, फ्यूज. त्या म्हणाल्या, "आणि त्याच्या मालकाशी तुमचं नातं?" मी म्हटलं, "मालक माझा भाऊ होता," आणि पर्स उघडून उगीच कागद शोधायला लागले. त्यांनी घाई केली नाही. माझ्यामागच्या माणसाला थांबायला सांगितलं आणि सगळे नियम मला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिले. ते तुला सांगते, चष्मा लावून वाच.

आधी चिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेच्या कातडीखाली सुईने बसवतात. आत एक नंबर असतो, तीच त्याची ओळख. चिप बसली की मगच रेबीजची लस. आधी दिलेली लस इथे धरत नाहीत, कारण ती नक्की कोणत्या कुत्र्याला टोचली याला पुरावा काय? त्यानंतर महिनाभराने रक्त काढून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचं. ते पास झालं की रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने नुसतं थांबायचं. सगळ्यात शेवटी, निघायच्या तोंडावर, सरकारी डॉक्टरांचा दाखला आणि जंताची गोळी, तीही त्यांच्यासमोर गिळायला हवी. क्रम चुकला की नाक्यावरूनच परत, नाहीतर नाक्याच्या पिंजऱ्यात मुक्काम. "भीक नको पण कुत्रं आवर" म्हणतात. इथे मला कुत्रंही हवंय आणि भीकही मागायची तयारी आहे.

दादासाठी मला एक कागद वेळेवर मिळवता आला नाही. हे सगळे मिळवू.

तुझी,
नणंद

&nbsp;

११ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं, पण घोडं आधीच पुढे गेलं होतं. पालिकेची लस देणारी गाडी गल्लीत आली होती. फुकट, शिवाय दारात. मी मोठ्या हुशारीने रेबीजची लस टोचून घेतली आणि मनात म्हटलं, बघा वन्सं, एक काम तुमच्याआधी उरकलं. दोन दिवसांनी तुमचं पत्र. आधी चिप, मग लस. आम्ही केलं उलट.

पळत डॉक्टरीणबाईंकडे गेले. तरुण आहेत, दोन्ही मनगटांवर मांजरांचे ओरखडे. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाल्या, "ही लस धरणार नाहीत. चिप बसवू, तीन आठवड्यांनी पुन्हा लस देऊ, पुन्हा सुरुवात." पुन्हा म्हणजे माझी खोली सोडायची मुदत टळून जाणार. मी म्हटलं, "बाई, चिपची तारीख जरा मागे घाला ना. चार दिवसांचा तर प्रश्न, कोण बघायला बसलंय?" त्यांनी लिहिता लिहिता पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, "काकू, नाक्यावर मी तुमच्याबरोबर असते तर विचार केला असता. मी नसणार. तिथे कोणी खोट काढली तर पिंजऱ्यात तुम्ही नाही जाणार, ते जाणार." मला तेव्हा रागच आला. बाहेर येऊन पायरीवर बसले तेव्हा लक्षात आलं, त्याही त्यांना "ते" म्हणाल्या. मग आत गेले आणि चिप बसवून घेतली. अहो हूं की चूं न करता उभे राहिले, मीच ओरडले.

खोलीचं सांगायला गादीवाल्याकडे गेले, तर तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "काकू, मागची खोली मला इतक्यात नको. पुढे भरपूर जागा आहे." भरपूर कुठली? गाद्या छताला टेकल्यात आणि तो स्वतः बाहेर स्टुलावर बसून धंदा करतो. अहो मात्र नमुन्याच्या गादीवर दिवसभर घोरतात. मी हाकलायला गेले तर गादीवाला म्हणाला, "राहू द्या. याच्यापेक्षा चांगली जाहिरात मला कोण करून देणार?" आणि खरंच, गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघतात आणि तीच गादी मागतात.

वन्सं, माणसं चांगली असतात हो. मी इतके दिवस फक्त शटर खाली ओढून बसले होते.

तुमची,
वहिनी

&nbsp;

३० एप्रिल

वहिनी,

पेनाला टोपण लावणारी डॉक्टरीण मला फार आवडली. तिला चष्मा असेल तर नंबर कळव. जन्मभर फुकट करून देईन.

तू हुशारी करणार हे मला ठाऊक असायला हवं होतं. पण रागवत नाही, कारण मीही एक गोष्ट लपवली आहे. जागा लहान आहे हे खोटं. मला कुत्र्यांची भीती वाटते, वहिनी. या वयात सांगायला लाज वाटते, पण वाटते. शाळेच्या वाटेवर कुत्री असायची. मी दाराबाहेर पाऊल टाकत नसे. दादा मला काही बोलला नाही, कधी चिडवलंही नाही. तो फक्त माझ्या आणि त्यांच्या मधून चालायचा. रस्त्याच्या या बाजूला कुत्री असली की या बाजूला, त्या बाजूला असली की त्या. शाळा संपेपर्यंत.

आता त्याचाच कुत्रा माझ्या घरी राहायला येणार आणि मधून चालायला दादा नाही. म्हणून मी सराव चालवलाय. कोपऱ्यावर किल्लीवाल्याची एक कुत्री असते, तिला रोज लांबून नमस्कार करते. ती अजून ओळख दाखवत नाही.

रक्ताचं काय झालं ते लगेच कळव. मागच्या खोलीतली खोकी हलवली.

तुझी,
नणंद

&nbsp;

६ सप्टेंबर

वन्सं,

रक्त पास झाल्याचं तुम्हाला फोनवर सांगितलं होतंच, दोघी एकदम ओरडलो होतो. थांबायचे महिनेही संपले. वीस तारखेच्या सकाळच्या गाडीने निघते. दुपारपर्यंत नाका.

अहो थकलेत. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाल्या, प्रवास झेपेल, पण आता निघा, पुन्हा थांबायची वेळ आली तर मी सांगू शकत नाही. तेव्हा नाक्यावर काही अडलं तर, हा विचार मी करतच नाही. दिवसातून दहा वेळा करत नाही.

प्रवासाचा पिंजरा गादीवाल्याने आणून दिला, आत मापाची गादी शिवून घातली. पैशाचं नाव काढलं तर ऐकू न आल्यासारखं करतो. अहो त्यात जाऊन बसतात, पण एकदा बसले की बाहेर यायला मागत नाहीत. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच.

आणि एक पेच आहे, तुम्हाला म्हणून सांगते. दाखल्यावर नाव फ्यूज. फ्यूज म्हणा, फ्यूजराव म्हणा, ढिम्म हलत नाहीत. आणि ती दुसरी हाक मी घराबाहेर कधीच मारत नाही, रस्त्यात नुसता पट्टा ओढते. घरात ठीक आहे हो. पण नवरा गेलेल्या बाईने भर रस्त्यात "अहो" म्हटलं की लोक चमकून बघतात, मग कुत्र्याकडे बघतात, मग माझ्याकडे. त्या नजरेत कीव असते. ती मला सोसत नाही. नाक्यावर हाक मारायची वेळच येऊ नये म्हणजे झालं.

या पत्रानंतर आता भेटच.

तुमची,
वहिनी

&nbsp;

२५ सप्टेंबर

वहिनी,

तू मागच्या खोलीत दुपारची आडवी झाली आहेस आणि मी इथे ओट्याशी बसून तुला पत्र लिहितेय. हसू नकोस. तुझ्या शेवटच्या पत्राचं उत्तर राहिलं होतं, आणि समोरासमोर बोलायला गेले तर पुन्हा आपलं तेच, एकदम बोलू आणि एकदम गप्प होऊ. पाच दिवस बघतेय मी. शिवाय नाक्यावर काय झालं ते तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूने काय दिसलं ते सांगायचंय.

मी सकाळपासूनच दोरीच्या अलीकडे उभी होते. बाहेर पडायच्या दाराशी त्यांचा तपासणीचा कुत्रा, वासराएवढा, त्याच्यापासून शक्य तितकी लांब. तू दिसलीस. केवढी बारीक झालीस ते तेव्हा कळलं. तुझ्या मागे ती लांबलचक रांग आणि तुझ्या पुढ्यात पिंजरा. हातमोजे घातलेल्या अधिकारी बाईंनी तुझे सगळे कागद एकेक करून बघितले, आणि मी इथून तोंडातल्या तोंडात क्रम म्हणत होते, चिप, लस, रक्त, दाखला, गोळी. सगळ्यावर मान हलली. माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात त्यांनी ते चिप वाचायचं यंत्र पुढे केलं आणि आतून गुरगुर ऐकू आली.

त्या काही वाईट नव्हत्या, वहिनी. त्यांनी हात घातला नाही हे बरोबरच. त्यांनी खुणेने तुला सांगितलं, तुम्ही बोलवा. चिप वाचल्याशिवाय त्या तरी कसं सोडणार? मागे भिंतीपाशी पिंजऱ्यांची रांग होती, तिकडे त्यांनी एकदाच बोट दाखवलं. आणि तू वाकून म्हणालीस, "फ्यूज." मग जरा मोठ्याने, "फ्यूज, ये." रांगेतली माणसं माना उंचावून बघायला लागली. तू पुन्हा, "फ्यूज." आतून काही नाही. तुझी मान खाली खाली जात होती. मला तुझं ते पत्र आठवलं, कीव सोसत नाही म्हणालीस ते.

मी ओरडले ते तुला ऐकू आलं होतं का? "वहिनी, नीट हाक मार." आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी ओरडले नाही, पहाऱ्यावरच्या माणसाने मला मागे सरकायला लावलं.

मग तू ताठ उभी राहिलीस. हात पुसलेस, तिथे पुसायला काहीही नसताना. आणि दादाच्या घरी स्वयंपाकघराच्या दारातून यायचा त्या आवाजात, सगळ्या हॉलभर म्हणालीस, "अहो, ऐकलंत का? चला आता."

आणि रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आलो."

वहिनी, मी झटकन रांगेकडे बघितलं. मला माहीत होतं आणि तरी बघितलं. रांगेत पार शेवटी एक वयस्कर गृहस्थ होते, हातात दोन छत्र्या, आपल्याच भाषेतले. सवयीने बोलून गेले बिचारे. त्यांच्या शेजारची बाई म्हणाली, "तुम्हाला नाही हो." त्यांच्या आसपास कोणाला काही समजलं नाही, पण ती दोघं हसली, तू हसलीस, आणि मी मात्र दोरी धरून रडायला लागले. दादा गेल्यापासून मी अशी रडलेच नव्हते. बॅग भरून बसले होते तेव्हाही नाही. इतक्या दिवसांत कोणी "आलो" म्हटलंच नव्हतं ना.

तेवढ्यात अहो पिंजऱ्यातून बाहेर आले होते. यंत्र वाजलं, शिक्का बसला. अधिकारी बाई त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या आणि अहोंच्या कानामागे खाजवलं. तुम्ही दोघं माझ्याकडे आलात, तू माझ्या गळ्यात पडलीस, आणि मग दाराकडे निघालो. तिथे तो वासराएवढा कुत्रा. माझे पाय थबकले. तू बॅगा सावरत होतीस, तुझं लक्ष नव्हतं. अहो लंगडत आले आणि माझ्या आणि त्याच्या मधून चालायला लागले. मला समजतं, पट्टा त्या बाजूला होता म्हणून. पण ते दार मी तसं ओलांडलं.

त्या डॉक्टरीणबाईंना, गादीवाल्याला आणि खिडकीमागच्या त्या बाईंना मी तिघांनाही पत्रं लिहिली आहेत. छत्र्यांवाल्या गृहस्थांचा पत्ता कोणाला विचारू? आणि तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही, वहिनी. कुत्रा कोणाला तरी सोपव असं मी लिहिलं होतं. तू ऐकलं नाहीस, देव तुझं भलं करो.

एक अडचण राहिली. त्यांना मी काय हाक मारू? फ्यूज म्हटलं तर ऐकत नाहीत. आणि अहो मी कशी म्हणू? भावाला कोणी अहो म्हणतं का?

तुझी,
नणंद

&nbsp;

२६ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र डब्याखाली सापडलं. तुम्ही खाली दुकानात गिऱ्हाईक करताय, म्हणून ओट्यावरच उत्तर ठेवून देते, चहाच्या भांड्याला टेकवून.

उपकार कोणाचे कोणावर ते आता मोजत बसू नका, या खोलीत सकाळचं ऊन खरंच येतं. त्या छत्र्यांवाल्यांचं मलाही राहून राहून वाटतं. त्यांच्या बायकोला मी हात जोडले होते, तिने ते त्यांच्या वतीने घेतले असं समजू.

हाकेचं म्हणता, तर ते कोडं सुटलं आहे, तुमच्या लक्षात आलं नसेल. आज सकाळी मी अंग धुऊन येत होते. खोलीतलं ऊन सरकून अहो सावलीत पडले होते. तुम्ही दारातच उभ्या होतात, आत यायला अजून जरा घाबरता. आणि अगदी हळू म्हणालात, "दादा, ऊठ. ऊन इकडे आलंय."

मग तुम्ही लगेच तोंड फिरवून डोळे पुसायला लागलात, त्यामुळे पुढचं तुम्ही बघितलं नाही. म्हणून लिहून ठेवते.

ते उठले.

तुमची,
वहिनी